एक वीत, दोनशे दिवस

पत्राचा सारांश: शहापूर, बेळगाव इथल्या एका ताईंनी लिहिलंय. घरात दोन माग आहेत. मिस्टर मागावर बसतात, ताई कांड्या भरतात. चार वर्षांचा तांबूस बोका आहे, नाव सोन्या. एका सकाळी घाईत स्कूटर काढताना मागच्या चाकाखाली त्याची शेपटी सापडली आणि तो घाबरून झटक्यात पळाला. तेव्हापासून शेपटी दोरीसारखी लोंबते आणि मागच्या डाव्या पायाचा पंजा उलटा पडून फरफटतो. नऊ दिवस झाले, फरक नाही. 'लघवी थेंबथेंब होते, बसेल तिथे ओलं करतो, पण निदान ती तरी सुरू आहे.' खाणं निम्म्यावर आलंय. ओळखीतल्या एकाने 'शीर दबलीय' म्हणत पाय ओढून चोळून दिला. पुण्यातला मुलगा म्हणतो, इंजेक्शन देऊन सोडवा त्याला. सासूबाई म्हणतात, मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतंय. मिस्टर म्हणतात, मासळी बाजारात सोडून येतो, तिथं उपाशी तरी मरणार नाही. ताईंचा प्रश्न: 'तो परत चालेल का? चालणार नसेल तर त्याला ठेवणं म्हणजे छळ आहे का? माझ्याच हातून झालंय, म्हणून मला काही ठरवताच येत नाही.'

ताई,

तुमचं पत्र मंगळवारी दुपारी हातात पडलं आणि उत्तर लिहायला बसण्याआधी मी तुम्हाला फोन लावला. का लावला ते बाकीच्या वाचकांसाठी इथे सांगतो, कारण तुमच्या पत्रातली एक ओळ मी जनावरांच्या डॉक्टरकीच्या सगळ्या वर्षांत ऐकत आलोय: 'थेंबथेंब होतेय, म्हणजे सुरू आहे.'

सुरू नसते हो. मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा गप्प झाल्या की पिशवी पिळली जात नाही. ती भरत राहते, तट्ट होते, आणि मग आत जागाच नाही म्हणून वरचं वर सांडतं. माळ्यावरची टाकी ओसंडायला लागली तर आपण 'नळाला पाणी आलं' म्हणतो का? मांजर बसेल तिथे ओलं करतंय, पण माती उकरून, बसून सोडलेली धार काही दिसत नाही, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तुंबलेल्या लघवीने किडनीवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. शिवाय फार दिवस ताणलेली पिशवी सैल पडते. पुढे नस जागी झाली तरी पिळायला ताकद उरत नाही. सगळं घर पायाकडे बघत बसतं आणि मांजर जातं ते लघवीपायी.

त्याच संध्याकाळी तुम्ही सोन्याला नेलंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही फोनवर सांगितलंत ते माझ्या कानात अजून आहे: 'डॉक्टर म्हणाले पिशवी मोसंब्याएवढी झालीय. दाबून काढली तर टेबल भरून खाली ओघळ आला. आणि घरी आल्यावर पठ्ठ्याने वाटीभर भात-मासे खाल्ले.' म्हणजे खाणं कमी झालं होतं ते ह्या फुगलेल्या पोटामुळे. पायाचं दुःख मांजर फारसं मनाला लावून घेत नाही. ते आपण घेतो.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही हो किंवा नाही मागताय, आणि तेही नवव्या दिवशी. नसांचा हिशेब इतका लवकर होत नाही. तुमच्या घरात माग आहेत, त्यामुळे समजावणं मला सोपं जाईल.

पदर दारात अडकलाय आणि बाई झटक्याने पुढे गेली, तर पदर अडकल्या जागीच फाटेल असं नाही. पुष्कळदा कापड शाबूत दिसतं आणि धागे वर, भलतीकडेच ओढले जातात. सोन्याचं तसंच झालं. शेपटीचं टोक चाकाखाली, सोन्या जिवाच्या आकांताने पुढे, आणि हिसका बसला तो शेपटीच्या मुळाशी. तिथे माकडहाडाच्या पोकळीतून नसांचा झुपका निघतो. काही धागे शेपटीला जातात, काही मूत्राशयाला, काही गुदद्वाराला. आणि जरा वरून निघणारे काही मागच्या पायाच्या मोठ्या नसेत मिसळतात. 'चाक शेपटीवरून गेलं, मग पाय कसा पडला?' असं तुम्ही विचारलं होतंत. असा पडला. त्याचा गुडघा अजून सावरतो आणि घोट्याखालचा भाग तेवढा कोसळतो, ह्याचंही कारण तेच. गुडघा ताठ धरणारी नस कमरेच्या बऱ्याच वरून निघते, तिला हिसका पोचलेला नाही.

सेडन नावाच्या ब्रिटिश सर्जनने 1943 मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, नसांच्या इजेच्या तीन पायऱ्या मांडल्या. त्या माणसांसाठी होत्या, पण आम्ही जनावरांचे डॉक्टरही त्याच वापरतो. पहिली: धागा ताणला गेला, सुन्न झाला, पण तुटला नाही. असा पाय काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत परत येतो. दुसरी: आतला धागा तुटला, पण ज्या नळीतून तो जातो ती शाबूत आहे. मग वरच्या टोकाकडून नवा कोंब फुटतो आणि त्याच नळीतून खाली सरकत येतो. वेग साधारण दिवसाला 1 मिलिमीटर. तिसरी: नळीसकट सगळं तुटलं. तिथे आपोआप काही होत नाही.

दुसऱ्या पायरीचा हिशेब घरीच करून बघा. सोन्याच्या कंबरेपासून पंजापर्यंत तुमची एक वीत टाका. भरली ना साधारण? एक वीत म्हणजे 200 मिलिमीटर धरा. म्हणजे 200 दिवस. साडेसहा महिने. आणि तुम्ही नवव्या दिवशी मला विचारताय की फरक का नाही!

पहिली, दुसरी की तिसरी, हे पहिल्या दिवशी कुणालाच, अगदी एक्स-रे बघूनही, छातीठोक सांगता येत नाही. एक्स-रेत हाड दिसतं, नस दिसत नाही. (तरी एक्स-रे काढायचाच. कंबरेचं हाड मोडलेलं असेल तर सगळंच गणित बदलतं.) पण अंदाज बांधायला एक परीक्षा आहे, आणि ती करताना घरचे लोक, कधीकधी डॉक्टरही, फसतात.

परीक्षा अशी की पायाचं बोट चिमट्याने दाबायचं. मांजराने पाय मागे घेतला की सगळे म्हणतात, कळलं, कळलं! थांबा. पाय मागे घेणं हे मेंदूला न विचारताही होतं. पाठीच्या कण्यातूनच तो हुकूम परत फिरतो. बघायचं ते तोंडाकडे. मान वळवली का, गुरगुरला का, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या का. ह्यातलं काही झालं तर दुखलेलं डोक्यापर्यंत पोचलं. दुसरी गोम बोटांत आहे. आतल्या बाजूच्या बोटाची संवेदना वेगळ्या, त्या वरून येणाऱ्या नसेतून येते. तिथे दाबून मांजर ओरडलं म्हणून पेढे वाटू नयेत. बाहेरच्या बोटाला दाबून बघावं. आणि सोन्याला झाली तशा शेपटीच्या इजेत सगळ्यांत महत्त्वाची जागा म्हणजे शेपटीचं मूळ. टोक मेलेलं असू दे. मुळाशी चिमटा कळत असेल तर लघवीवरचा ताबा परत येण्याची आशा चांगली असते.

तुम्ही सांगितलंत की डॉक्टर कन्नडमधून 'बाल, बाल' म्हणत होते आणि तुम्हाला वाटलं मुलाबाळांचं विचारतायत. बाल म्हणजे शेपटी. ती दाबल्यावर सोन्याने वळून त्यांच्या हातमोज्याला दात लावले, तर त्यांनी हसून 'छान' म्हटलं, ते का, हे आता लक्षात आलं असेल. चावला ही त्या दिवसातली सगळ्यांत चांगली बातमी होती. बाहेरच्या बोटाला मात्र त्याने मान वळवली नाही, पुन्हा विचारल्यावर तुम्ही म्हणालात, 'कान जरा हलला असेल.' हे 'असेल' मी धरत नाही. महिन्याने पुन्हा बघू.

म्हणून दोन तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. अपघातापासून तिसावा दिवस, ही लघवीची तारीख. शेपटीच्या इजेत ज्यांचा ताबा परत येतो त्यांचा बहुतेक ह्या महिन्याभरात येतो. नंतर आशा झपाट्याने कमी होत जाते. आणि शंभरावा दिवस, ही पायाची पहिली तारीख. तोवर मांडी भरतेय की सुकतेय, घोटा किती कोसळतो, हे दर रविवारी फोनवर अर्धा मिनिट व्हिडिओ काढून ठेवा, एकाच जागी, एकाच बाजूने. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

'माझ्याच हातून झालं' ह्याबद्दल एक सांगतो.

माझी पहिली नेमणूक खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. दवाखाना गुरांचा, मांजर महिन्याला एखादं यायचं, तेही भाजीच्या पिशवीतून, तोंड तेवढं बाहेर. एका शिक्षकांच्या बायकोने तापाने फणफणलेली, हाडकुळी मांजरी आणली. मी वासराला टोचतो तशी मांडीच्या मागच्या बाजूला सुई मारली. ती अशी किंचाळली की बाहेरची म्हैस बिचकली. ताप उतरला, पण दुसऱ्या दिवशी पंजा उलटा. मांडीच्या मागे, हाडाला लागूनच पायाची मोठी नस जाते, आणि हाडकुळ्या मांजरात तिला झाकायला मांस नसतं. माझी सुई, माझं औषध, थेट तिथे. त्या बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, 'डॉक्टर, सुई कुठं टोचलाय बघा जरा.' मी बघितलं आणि मान खाली घातली. त्यांनी मांजरीला साडेतीन महिने गोणपाटावर चालवलं, आणि पाय परत आला. माझं नशीब. पण त्या साडेतीन महिन्यांत माझ्या अपराधी वाटण्याचा मांजरीला दमडीचा उपयोग झाला नाही, गोणपाटाचा झाला. ह्या प्रसंगानंतर मी मांजराला मागून मांडीत सुई दिली नाही, कातडीखाली दिली. तुम्हीही विचारत जा. 'डॉक्टर, कातडीखाली देता येईल का?' एवढं विचारल्याने कुणी रागावत नाही.

आता घरातली तीन मतं. मुलगा 'सोडवा' म्हणतो तो दुष्टपणाने नव्हे, लांबून व्हिडिओत फरफटता पाय तेवढाच दिसतो म्हणून. त्याला वाटीभर भात-मासे खातानाचा व्हिडिओ पाठवा. इंजेक्शनचा विचार करायची वेळ येऊ शकते, हे मी लपवत नाही: महिना उलटूनही लघवी आपली आपण होत नाही, घरी दाबून काढणं कुणाला जमत नाही, जंतुसंसर्ग पुन्हापुन्हा होतोय, किंवा तो स्वतःचाच पाय कुरतडून रक्तबंबाळ करतोय आणि दुखणं औषधाने आवरत नाही, तर. एक पाय लुळा आहे, एवढ्यावरून कधीच नाही. पाय अगदी गेलाच आणि घासून जखमा व्हायला लागल्या तर तो शस्त्रक्रियेने काढता येतो. तीन पायांची मांजरं कौलावर चढलेली मी बघितली आहेत. चढतात म्हणजे काय, शेजाऱ्याच्या घरातलं दूध पिऊन उतरतात.

सासूबाईंच्या सोन्याच्या मांजराला मी हसणार नाही. मांजराच्या जिवाला कुणीतरी सोन्याचा भाव ठेवला होता, आणि त्या धाकाने पुष्कळ मांजरं वाचली असतील. मात्र त्यांना हेही सांगा की दुखण्याने तळमळणाऱ्या जनावराला डॉक्टरांच्या हाताने झोपवणं आणि काठीने मारणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी ती वेळ आलीच तर त्याचं ओझं त्यांनी घेऊ नये.

मिस्टरांचं मत मात्र मला अजिबात मान्य नाही. मासळी बाजारात मासळी आहे, तशी कुत्रीही आहेत. ज्याला पळता येत नाही आणि ज्याची लघवी दिवसातून तीनदा काढावी लागते, तो तिथे दोन दिवस टिकायचा नाही. आणि पाळलेलं जनावर उपाशीतापाशी मरेल अशा जागी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हाही आहे. मला वाटतं, ते चिडलेत ते ओल्या चादरींना. चादरींचा प्रश्न खरा आहे आणि तो सुटतो.

लघवी दाबून काढणं डॉक्टरांसमोर, त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवून शिका. लिहून शिकवण्यासारखं ते नाही. बोक्याची नळी बारीक असते, त्यामुळे मांजरीपेक्षा अवघड जातं. दिवसातून तीन वेळा, आणि हलक्या, सलग दाबाने. येत नसेल तर जोर करायचा नाही, दवाखान्यात जायचं. पिशवी फुटू शकते. लघवी गढूळ दिसली, उग्र वास आला, लालसर झाली तर तपासायला द्या. शौचाकडेही लक्ष असू द्या, त्याच झुपक्यातली नस तिकडेही जाते. दोन दिवस झाली नाही तर सांगा.

शेपटीखालचे केस डॉक्टरांकडून कापून घ्या. कोमट पाण्याने धुऊन कोरडं करा, दर वेळी. बेळगावच्या पावसात उघडीप पडली की माशा घोंघावतात. ओल्या, मळलेल्या केसांत त्या अंडी घालतात आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. बाळांना डायपरच्या पुरळीवर लावतात ती झिंकची पांढरी क्रीम लावू नका, तो चाटतो आणि झिंक पोटात जातं. लोंबणाऱ्या शेपटीचं काय, हे डॉक्टर ठरवतील. ती मेलेलीच असेल तर काढून टाकलेली बरी. तिचं वजनही नसांना ओढतं आणि घाणीतही तीच लोळते.

पायासाठी सगळ्यांत आधी जमीन बदला. शहाबादी फरशीवर लुळा पंजा घसरतो. त्याच्या वावराच्या खोलीत गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरा. दिवसातून दोन-तीनदा, तो पेंगत असताना, घोटा, गुडघा, खुबा, एकेक सांधा सावकाश वाकवून सरळ करा, प्रत्येकी दहा-पंधरा वेळा. नस येईपर्यंत सांधे आखडू नयेत, एवढ्यासाठीच हे आहे. मग जुन्या ओढणीचा झोळणा पोटाखालून घालून मागचं अंग जरा उचला आणि पंजा सुलटा करून जमिनीवर टेकवा. दोन मिनिटं पुरे. तो वैतागला की थांबा, मांजराशी भांडून व्यायाम होत नाही. उलट्या पंजाच्या वरच्या बाजूला जखम होते, तिथे तान्ह्या बाळाचा मोजा घाला. पण रबरबँड लावू नका, सुन्न पायाला आवळलेलं कळत नाही. रोज काढून बघा. माती-भुशाचा ट्रे उंच काठांचा असेल तर तो टाकून पसरट परात ठेवा.

पुढे कधी तो अचानक ती बोटं चाटायला, चावायला लागेल. नस जागी होताना मुंग्या येतात, त्याने हे होऊ शकतं. लक्षण वाईट नाही, पण एका रात्रीत बोट कुरतडून ठेवील, म्हणून गळ्याभोवतीची कॉलर घरात आणून ठेवा.

आणि काय करायचं नाही, ते जरा कडक शब्दांत. पाय ओढून 'शीर मोकळी' करणाऱ्याला पुन्हा दारात उभा करू नका. ओढल्यानेच तर हे झालंय, आणखी ओढून काय होणार? बिब्बा, डाग, गरम विटेचा शेक: सुन्न कातडीला भाजलेलं कळत नाही. बाम नको, तो चाटून पोटात जातो. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा तर मुळीच नाही. मांजराला एक गोळीसुद्धा जिवावर बेतते. आणि एक गोष्ट जी फार थोड्यांना ठाऊक असते. मेडिकलमध्ये 'नसांची गोळी' मागितली की बी-ट्वेल्व मिळतं, पण त्यातल्या कित्येक गोळ्यांत अल्फा लिपोइक ॲसिड मिसळलेलं असतं. माणसाला ते चालतं, मांजराला विष आहे. नुसतं बी-ट्वेल्व डॉक्टरांनी दिलं तर द्या, फार चमत्काराची आशा न ठेवता.

ह्या निमित्ताने बाकीच्यांची पत्रंही आठवतात, कारण मांजराचा पाय पडला की सगळे 'नस' म्हणतात. दोन्ही मागचे पाय एका क्षणात गेले, मांजर कळवळून ओरडतंय, पंजे गार आणि तळवे फिकट किंवा निळसर पडलेत, तर ती नस नाही. हृदयातली गुठळी पायांच्या रक्तवाहिनीत अडकली आहे. तिथे तासांचाही प्रश्न नाही, मिनिटांचा आहे, आणि कोल्हापूर 110 किलोमीटरवर आहे हे विसरून जवळचा डॉक्टर गाठा. जाडजूड बोका हळूहळू टाचा टेकवून सशासारखा चालायला लागला आणि पाणी फार पितोय, तर रक्तातली साखर तपासा. मधुमेहाने नसा अशा सुस्तावतात आणि साखर आवरली की पुष्कळदा सुधारतात. गच्चीवरून पडून पुढचा पाय लुळा पडलाय आणि त्याच बाजूची बाहुली बारीक, डोळा आत गेल्यासारखा दिसतोय, तर नसा कण्यापाशी मुळासकट उपटल्या असण्याची भीती असते. डोळ्याकडे डॉक्टरांचं लक्ष मुद्दाम वेधा. आणि लस न दिलेलं, बाहेर भटकणारं मांजर लुळं पडलंय आणि वागणंही बदललंय, गिळता येत नाही, अंगावर येतंय, तर हाताळू नका. चावलं-ओरबाडलं असेल तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशीसाठी जा.

ताई, पुढच्या भेटीला जाताना डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारा: शेपटीच्या मुळाशी संवेदना आहे का, बाहेरच्या बोटाला आहे का, आणि पिशवी रिकामी राहतेय का. उत्तरं त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या. तिसाव्या दिवशी तोच कागद पुढे ठेवा. नसांच्या तपासणीसाठी पुढे कुठे पाठवायचं झालं तर धारवाड-हुबळी की कोल्हापूर, हे तेच सांगतील. त्या वेळी मिस्टरांना बरोबर न्या. पिशवी दाबायला त्यांनाही शिकू दे. दिवसभर मागावर चालणारा हात आहे, हलका आणि सलग दाब त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर जमेल.

आणि सकाळी स्कूटर काढण्याआधी सीटवर दोन थापा मारायच्या, मग किल्ली.